काकांच्या पावसाच्या वह्या आणि कन्सोलवर फुटणारा तक्ता: कामाच्या नोंदी

आधी काम काय ते. सत्तरी तालुक्यात केरीला माझे काका १९९४ पासून पावसाळाभर रोज सकाळी साडेआठला पर्जन्यमापकातलं पाणी मोजून वहीत लिहितात. वर्षाला एक वही, म्हणजे ३१ वह्या झाल्या, यंदाची बत्तिसावी. रकाने पाच: तारीख, पाऊस (मिलिमीटर), नक्षत्र, वाहन, शेरा. त्यांना हवं होतं ते एवढंच: यंदाचा नक्षत्रवार पाऊस आणि शेजारी गेल्या वर्षांची सरासरी, असा एक कागद रोज सकाळी तिठ्यावरच्या दुकानात लागावा. दुकान चुलतभावाचं. तिथे विंडोज १० चा जुना पीसी आणि प्रिंटर आहे. मी साखळीला राहतो, नोकरी हिशेबाची, पायथन (प्रोग्राम लिहायची एक भाषा) हौसेपुरता येतो. 'दोन रविवारांचं काम' असं मी काकांना सांगितलं होतं.

कोडमधले शब्द मी इथे देवनागरीत लिहिले आहेत. टाइप करताना अर्थात ते रोमनमध्येच टाइप करायचे.

१ जून २०२५, रविवार

वह्या टाइप करून घेणं एप्रिलपासून चालू होतं. निम्म्या मी केल्या, निम्म्या बहिणीने. दोघांच्या फायली एकत्र करून सीएसव्ही (स्वल्पविरामांनी रकाने तोडलेली साधी मजकूर फाइल) केली, पांडाजने (पायथनमधलं तक्ते हाताळायचं साधन) वाचली, नक्षत्रावर ग्रुपबाय लावून, म्हणजे नक्षत्रवार गट पाडून, पावसाची बेरीज केली आणि प्रिंट दिलं.

स्क्रीनवर एक भलीमोठी ओळ उमटली आणि संपेचना. '१२.४८.०३१.६०.०४५.२' असं काहीतरी. बेरीज झालीच नव्हती, आकडे एकाला एक चिकटवले गेले होते. कारण सापडायला पाऊण तास लागला. मी आकडे इंग्रजी अंकांत टाइप केले होते, बहिणीने देवनागरीत. पांडाजच्या सीएसव्ही वाचकाला देवनागरी अंक आकडे वाटत नाहीत, मग तो अख्खा रकाना मजकूर म्हणून ठेवतो. मजकुराची बेरीज म्हणजे जोडाजोडी.

आता खरी गंमत. पायथनच्या स्वतःच्या फ्लोटला (मजकुराचा दशांश आकडा करणारी आज्ञा) देवनागरी अंक चालतात. फ्लोटला '१२.५' दिलं की साडेबारा निमूट परत येतात. म्हणून पांडाजच्या टू-न्यूमेरिकच्या (त्याची आकडे करायची आज्ञा) नादी न लागता रकान्यावर सरळ मॅप करून फ्लोट लावला. जिथे बहिणीने 'नाही' किंवा आडवी रेघ दिली होती तिथे अडलं, ते हाताने शून्य केलं. सगळं शून्य नव्हतं. काही ठिकाणी रेघेचा अर्थ 'मोजला नाही' असा होता. काकांना फोन करून एकेक दिवस विचारला. ते म्हणाले, "शून्य म्हणजे पाऊस नाही, रेघ म्हणजे मी नाही. लग्नाला गेलो होतो तेव्हा कोण मोजणार?" तेवढ्या जागा रिकाम्या सोडल्या.

वेळ: ४ तास. पैकी फोन १ तास, त्यात पावसाबद्दल फारतर २० मिनिटं.

३ जून

रात्री जेवणानंतर बसलो. तक्ता दिसला, पण चौकोनांचा. प्रत्येक अक्षराच्या जागी एक रिकामी पेटी. आकडे ठीक.

ही चूक पायथनची नाही, फॉन्टची. जुन्या काळ्या कन्सोलला (प्रोग्राम चालवायची आणि त्याचा मजकूर दिसायची खिडकी) ठरावीक रुंदीचाच फॉन्ट लागतो. माझ्याकडे कन्सोलास होता आणि त्यात देवनागरी नाही. मंगल किंवा निर्मला निवडावा म्हटलं तर ते यादीतच येत नाहीत, कारण त्यांच्या अक्षरांची रुंदी सारखी नसते. एखादा अक्षरगट फॉन्टमध्ये नसेल तर दुसऱ्या फॉन्टमधून उसना आणायची अक्कल या जुन्या कन्सोलला नाही. नव्या विंडोज टर्मिनलला आहे. ते फुकट आहे, विंडोज १० वर चालतं. टाकलं, अक्षरं दिसली.

मी खुशीत झोपलो. हा आनंद चार दिवस टिकला.

७ जून, शनिवार

केरीला गेलो. रस्त्यात मोर्लेपाशी असा पाऊस की पुढची गाडी दिसेना, आणि काकांच्या पंचांगाप्रमाणे मृग अजून लागायचा होता. यंदा पाऊस मे महिन्यातच उतरला. (हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे याच वाक्याने मला पाडलं.)

दुकानाच्या पीसीवर पायथन ३.११ टाकला, प्रोग्राम कॉपी केला आणि कन्सोलमध्ये चालवला. तक्ता आला. मग एक बॅच फाइल केली: प्रोग्राम चालव आणि त्याचं आउटपुट 'मोठं आहे' या चिन्हाने मजकूर फाइलमध्ये वळव. टास्क शेड्युलरमध्ये (ठरल्या वेळी प्रोग्राम चालवणारी विंडोजची सोय) रोज सकाळी ९ ची वेळ लावली. ९ वाजता चुलतभावाने फाइल उघडायची आणि प्रिंट काढायची.

८ जून, रविवार

९ वाजून ५ मिनिटांनी भावाचा फोन. "फाइल कोरी आहे."

शून्य बाइट. टास्क शेड्युलर म्हणतो काम झालं. तासभर मी फायलींचे पत्ते, परवानग्या, फोल्डरची नावं तपासत बसलो. शेवटी बॅच फाइलच्या शेवटी चुकांचा प्रवाहही फाइलमध्ये वळवायची जोड दिली (दोन, मोठं आहे, अँपरसँड, एक), तेव्हा खरं दुखणं कळलं:

'युनिकोडएन्कोडएरर: चारमॅप कोडेक कान्ट एन्कोड कॅरेक्टर्स, कॅरेक्टर मॅप्स टू अनडिफाइन्ड.'

ही जोड पहिल्या दिवसापासून असती तर एक सकाळ वाचली असती. कन्सोल नसलेल्या जागी प्रोग्राम चालवणार असाल तर चुका कुठे जातील ते आधी ठरवा.

त्याच रात्री

कन्सोलमध्ये चालतं आणि फाइलमध्ये वळवलं की मोडतं, हे कोडं सुटल्याशिवाय झोप येईना. उत्तर असं. पायथन ३.६ पासून विंडोजच्या कन्सोलशी पायथन थेट युनिकोडमध्ये (सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणारी व्यवस्था) बोलतो, मध्ये कोडपेज (ठरावीक भाषांपुरती अक्षरांची जुनी यादी) येत नाही. पण आउटपुट फाइलकडे किंवा दुसऱ्या प्रोग्रामकडे वळवलं की समोर कन्सोल उरत नाही, आणि पायथन मशीनचं जुनं ठरलेलं कोडपेज धरतो. दुकानाच्या पीसीवर ते १२५२, म्हणजे पश्चिम युरोपातल्या भाषांचं. त्यात २५६ च्या आत घरं, त्यात पोर्तुगीजची सगळी टोपीवाली अक्षरं आहेत, आपला 'म' नाही. तक्त्यातलं पहिलंच नक्षत्र आलं आणि गाडी अडली.

उपाय शोधताना केलेल्या चुका, केल्या त्या क्रमाने:

बॅच फाइलच्या डोक्यावर 'सीएचसीपी ६५००१' लिहिलं. काही फरक नाही. ते कन्सोलचं कोडपेज बदलतं. वळवलेल्या आउटपुटसाठी पायथन ते बघतच नाही.

मग चुकांसाठी 'इग्नोर' असा पर्याय दिला. प्रोग्राम न अडखळता संपला. फाइल उघडली तर नुसते आकडे, एकही अक्षर नाही. कुठल्या नक्षत्राचा पाऊस कुठला, देव जाणे. 'रिप्लेस' दिलं तर मृगाच्या जागी तीन प्रश्नचिन्हं आणि पुनर्वसूच्या जागी आठ. चूक दिसेनाशी झाली म्हणजे गेली असं मला दहा मिनिटं खरंच वाटलं होतं, ते इथे कबूल करतो.

मग पॉवरशेलमधून (विंडोजची आज्ञा द्यायची दुसरी खिडकी) वळवून पाहिलं. त्यानेही सुटलं नाही, फाइलमध्ये वेगळाच चिखल. विंडोजसोबत येणारं ५.१ पॉवरशेल मध्ये पडून आउटपुट आपल्या समजुतीने वाचतं आणि यूटीएफ-१६ मध्ये (युनिकोड फाइलमध्ये लिहायची एक पद्धत, यूटीएफ-८ ही दुसरी) लिहितं. नको ते मध्यस्थ.

९ जून

जे चाललं ते: बॅच फाइलमध्ये प्रोग्रामच्या आधी एक ओळ, 'सेट पायथनयूटीएफ८ इक्वल टू १' (मूळ रोमन लिहिताना सगळी मोठी अक्षरं, शेवटी आठाचा आकडा, मध्ये मोकळी जागा नाही). पायथन ३.७ पासून ही सोय आहे. जिला बॅच फाइल नको तिने प्रोग्रामच्या सुरुवातीला एसटीडीआउटवर (प्रोग्रामचं आउटपुट जाते ती वाट) 'रीकॉन्फिगर' करून एन्कोडिंग यूटीएफ-८ द्यावं. तेही ३.७ पासूनच. मी दोन्ही ठेवलं. भाऊ कधी बॅच फाइल सोडून थेट प्रोग्रामवर दोनदा क्लिक करेल ते सांगता येत नाही.

१० तारखेला सकाळी ९ वाजता फाइल आली, मजकुरासकट. पहिला कागद तिठ्यावर लागला. ११ वाजता काकांचा फोन: "अरे, हा तक्ता की झिम्मा?"

१४ जून, शनिवार

काकांचं बरोबर होतं. आकड्यांचा रकाना कुठल्याच ओळीत एका रेषेत नव्हता. 'मृग'च्या ओळीत आकडा उजवीकडे, 'पुनर्वसू'च्या ओळीत आत घुसलेला. कागद लांबून पाहिला तर दात पडलेला कंगवा.

कारण समजायला कागद-पेन्सिल घेतली. पांडाज रकान्याची रुंदी मोजताना संगणकातली चिन्हं मोजतो, डोळ्यांना दिसणारी अक्षरं मोजत नाही. 'आर्द्रा' घ्या. आपल्याला दोन अक्षरं दिसतात, संगणकात ती सात चिन्हं आहेत: आ, र, हलन्त, द, हलन्त, र, काना. 'पुनर्वसू' आठ. 'मृग' तीन. सगळ्या नावांना सारखी रुंदी द्यायची म्हणून पांडाज 'मृग'ला पाच मोकळ्या जागा घालतो आणि 'पुनर्वसू'ला एकही नाही. पण पुनर्वसूने कागदावर आठ घरं घेतलेलीच नसतात.

पांडाजच्या दाखवण्याच्या पर्यायांत 'युनिकोड, ईस्ट एशियन विड्थ' असा एक आहे. नाव बघून वाटलं, हेच. ट्रू केलं. ढिम्म हललं नाही. तो चिनी-जपानी अक्षरांसाठी, जी दोन घरं घेतात. युनिकोडच्या त्या वर्गवारीत देवनागरीला 'न्यूट्रल' म्हणजे ना इकडचं ना तिकडचं धरलंय.

मग 'जस्टिफाय लेफ्ट' दिलं. फक्त रकान्यांची शीर्षकं डावीकडे सरकली, खालची नावं तिथेच. तो पर्याय मुळात शीर्षकांपुरताच आहे. हे माहितीपत्रकात लिहिलेलं होतं, मी वाचलं नव्हतं.

वीज संध्याकाळी ६ ला गेली, ९ ला आली. तेवढी बसण्याची सक्तीची सुट्टी.

१५ जून, रविवार

आज हट्टाला पेटून स्वतःची रुंदी मोजणारा तुकडा लिहिला. कल्पना अशी: मात्रा, वेलांट्या, हलन्त मोजायचे नाहीत, बाकीचं मोजायचं. त्यासाठी युनिकोडडेटामधलं (पायथनमधली चिन्हांची माहिती) 'कंबाइनिंग' वापरलं: शून्य नसेल तर ते चिन्ह जोडचिन्ह, सोडून द्या.

फक्त हलन्त गळले. काना, मात्रा, उकार सगळे मोजलेच गेले. देवनागरीत हलन्ताला ते मूल्य ९ आहे, नुक्त्याला ७, आणि स्वरचिन्हांना चक्क शून्य. 'कंबाइनिंग' या नावावरून कोणाचीही फसगत होईल. माझी दीड तास झाली. योग्य चीज म्हणजे 'कॅटेगरी': एमएन आणि एमसी या दोन वर्गांत आपल्या सगळ्या मात्रा-वेलांट्या येतात.

कॅटेगरी वापरली. सुधारलं, पण पुरतं नाही. जोडाक्षरांचं काय? 'आश्लेषा'तला श्ल फॉन्ट एका जागेत बसवतो, पण 'श' आणि 'ल' मिळून माझ्या हिशेबात दोन. मग हलन्तानंतरचं व्यंजनही सोडून द्यायचं ठरवलं. आता श्ल एक घर, पण टर्मिनल त्याला कधी दीड, कधी दोन घरांची जागा देतो. टर्मिनलमध्ये एक हिशेब बसवला की नोटपॅडमध्ये बिघडतो, नोटपॅडमध्ये बसवला की प्रिंटरवर. उसन्या आणलेल्या फॉन्टची अक्षरं सारख्या रुंदीची नसतातच, मग मोकळ्या जागा कितीही अचूक मोजल्या तरी रेष सरळ यायची कशी.

वेळ: ६ तास. बायकोने विचारलं, "एवढ्या वेळात हाताने किती तक्ते लिहून झाले असते?" मी हिशेब केला नाही.

२१ जून, शनिवार

आठवडाभर काही केलं नाही. काल गाडीत बसलो असताना सुचलं आणि हसू आलं. काकांच्या वहीत तारीख आणि पाऊस डावीकडे, शेरा अगदी उजवीकडे, कारण शेरा कधी दोन शब्दांचा, कधी पान भरून. मजकूर शेवटी असला की तो कितीही लांबला तरी कोणाला ढकलत नाही.

तसंच केलं. आधी यंदाचा पाऊस, मग सरासरी, मग फरक, तिन्ही आकडे ठरावीक रुंदीत उजवीकडे टेकवलेले. नक्षत्राचं नाव सगळ्यात शेवटी. पांडाजचं प्रिंट वापरलं नाही, कारण तो शेवटचा रकानाही उजवीकडे टेकवायला जातो आणि पुन्हा तोच झिम्मा. साधा फॉर लूप (ओळीमागून ओळ), आत एक एफ-स्ट्रिंग (आकडे भरायचा मजकुराचा साचा), तीन आकड्यांना प्रत्येकी ९ घरं, दोन मोकळ्या जागा, नाव. तीन ओळींचं काम. आकडे मात्र इंग्रजी अंकांतच ठेवले. देवनागरी अंक फॉन्टप्रमाणे रुंदी बदलतात, पुन्हा तो घोळ नको.

कन्सोल, नोटपॅड, प्रिंटर, तिन्हीकडे आकडे एका रेषेत.

एक उपकथा. याच दिवशी भावाने विचारलं, "सगळ्या वर्षांचा तक्ता काढला तर मधली वर्षं का गायब?" गायब नव्हती. ६० ओळींच्या वर तक्ता गेला की पांडाज पहिल्या ५ आणि शेवटच्या ५ दाखवून मध्ये टिंबं देतो. 'मॅक्स रोज' हा पर्याय 'नन' केला की सगळं येतं. आपल्याला हे माहीत असतं म्हणून आपण सांगत नाही. ज्याने आयुष्यात पहिल्यांदा तक्ता बघितला त्याला वाटतं, वह्याच हरवल्या.

२२ जून, रविवार

काकांनी एक नवीन मागणी केली. वाऱ्यासह पाऊस किती दिवस पडला ते हवं. शेऱ्याच्या रकान्यात ते नेमके हेच शब्द लिहितात. 'वाऱ्यासह' शोधायचं आणि दिवस मोजायचे. दोन मिनिटं.

आकडा आला तो काकांच्या अंदाजाच्या निम्मा. ते म्हणाले, "माझी वारं मोजायची चूक होईल, पण एवढी?"

टाइप केलेली फाइल उघडली. 'वाऱ्यासह' शब्द डोळ्यांसमोर आहे आणि शोध म्हणतो नाही. दोन्ही शब्द शेजारी ठेवले, केसाइतका फरक दिसेना. एकेक चिन्ह सुटं करून छापलं तेव्हा उलगडलं. आपला हा चंद्रकोरीचा अर्धा र दोन रीतींनी लिहिला जातो. माझ्या इनस्क्रिप्ट कीबोर्डवर वेगळं 'ऱ' अक्षर आहे, युनिकोड क्रमांक ०९३१, त्यापुढे हलन्त. बहिणीचा कीबोर्ड वेगळा, तो साधा र, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालतो, क्रमांक २००डी, ज्याला रुंदीच नाही. दिसायला एकच, संगणकाला दोन शब्द.

युनिकोडचं 'नॉर्मलाइझ' (एकाच अक्षराच्या वेगवेगळ्या रीती एक करणारी सोय) लावलं, त्यातला एनएफसी हा प्रकार. त्याने र आणि खालचा नुक्ता अशी जोडी असती तर ती 'ऱ' केली असती, पण अदृश्य जोडचिन्हाला ते हात लावत नाही. म्हणून हाताने बदल: 'र, हलन्त, २००डी' असा तुकडा दिसला की 'ऱ, हलन्त' करा. त्यानंतर नॉर्मलाइझ. मग कुठे दोघांचे वारे एका दिशेने वाहायला लागले.

मराठी मजकूर असलेल्या कुठल्याही फायलीवर हा बदल पहिल्याच ओळीत करा. 'दऱ्या', 'पायऱ्या', 'सुपाऱ्या', 'शेतकऱ्यांना', सगळ्यांना हाच आजार आहे.

२८ जून, शनिवार

भावाला कागद आणखी नीटनेटका हवा: चौकटी, ठळक शीर्षक. कन्सोल सोडून एचटीएमएल (ब्राउझरमध्ये उघडणारं पान) करायचं ठरवलं. पांडाजमध्ये 'टू एचटीएमएल' आहे, ब्राउझर तक्त्याची मापं स्वतः काढतो, अक्षराची रुंदी मोजायची जबाबदारी आपली राहत नाही. दोन आठवड्यांपूर्वी हे का सुचलं नाही ते विचारू नका. मला कन्सोलला हरवायचं होतं.

पहिल्या फायलीत नक्षत्रांच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेले रोमन ए, रांगेने. ही खूण ओळखून ठेवा: यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं आणि पहिला बाइट कायम एकच, तो १२५२ च्या चष्म्यातून पाहिला की तसा ए दिसतो. म्हणजे फाइल बरोबर आहे, वाचणारा चुकतोय. 'टू एचटीएमएल' नुसता तक्ता देतो, पानाचं डोकं देत नाही. वर 'मेटा चारसेट यूटीएफ-८' ची ओळ आपणच लिहायची. लिहिली, सुटलं.

आता नक्षत्राचं नाव पुन्हा पहिल्या रकान्यात आणलं. कन्सोलचा तक्ता माझ्यासाठी ठेवलाय, नाव शेवटी असलेलाच.

६ जुलै, रविवार

आषाढी. घरचे सगळे विठ्ठलापूरला गेले, मी संगणकापुढे, कारण काकांनी काल रात्री सांगितलं: "तक्ता सुरेख. बेरीज चुकीची."

प्रत्येक वहीच्या शेवटच्या पानावर त्यांची हाताची नक्षत्रवार बेरीज असते. माझे आकडे एकाही वर्षी जुळत नव्हते. इतके दिवस आम्ही सगळे रेषा सरळ आहे का ते बघत होतो, आकडे कोणी बघितलेच नाहीत.

तीन चुका निघाल्या.

पहिली: नक्षत्रांचा क्रम नीट यावा म्हणून मी 'कॅटेगॉरिकल' रकाना (ठरलेल्या यादीतलीच नावं, त्याच क्रमाने) केला होता आणि मृगापासून स्वातीपर्यंत ११ नावं दिली होती. यादीत नसलेलं नाव आलं की पांडाज ते गुपचूप रिकामं करतो आणि ग्रुपबाय रिकाम्या गटाला वगळतो. यंदा मेच्या शेवटी पडलेला सगळा पाऊस रोहिणीचा होता. तो माझ्या तक्त्यात पडलाच नव्हता. ना चूक, ना इशारा. रोहिणी यादीत घातली. शिवाय मूळ रकान्याची बेरीज आणि तक्त्याची बेरीज जुळली नाही तर प्रोग्रामने थांबायचं अशी ओळ घातली.

दुसरी: जुन्या वह्यांत नक्षत्राचा रकाना फक्त नक्षत्र बदलतं त्या दिवशी भरलेला. मधले दिवस मी ठरावीक तारखांवरून भरले: मृग ८ जूनला, आर्द्रा २२ जूनला असे. पंचांगात त्या तारखा वर्षागणिक एखाद्या दिवसाने मागेपुढे होतात, आणि सत्तरीत जुलैतला एक दिवस इकडचा तिकडे झाला की बेरीज चांगलीच हलते. भाचीने ३१ वह्यांतून १२ नक्षत्रांच्या, अशा ३७२ तारखा दोन संध्याकाळी काढून दिल्या. मोबदला: दोन प्लेट रस-आमलेट.

१२ जुलै, शनिवार

खऱ्या तारखा घातल्या. जवळ आलं, जुळलं नाही. पुनर्वसूत जास्त तर पुष्यात कमी, आर्द्रेत कमी तर पुनर्वसूत जास्त. काकांच्या ओट्यावर बसून दोघांनी एक वर्ष बोटाने मोजायला घेतलं. बाहेर तरणा पाऊस धो-धो. तिसऱ्या मिनिटाला काकांनी बोट थांबवलं.

"हा आकडा तू कुठल्या नक्षत्रात धरलास?"

"पुनर्वसूत. त्याच तारखेला लागलं ना?"

"अरे, सकाळी साडेआठला मोजलेलं पाणी आदल्या दिवसाचं. रात्रभर पडला तो आर्द्रेतच. पुनर्वसू त्या दिवशी लागलं, पण त्याचं पाणी उद्या मोजणार ना आपण?"

ही तिसरी चूक. तारखेतून एक दिवस वजा करून मग नक्षत्र लावलं. एक ओळ. वहीच्या शेवटच्या पानाशी पडताळलं: त्या वर्षीची बाराही नक्षत्रं दशांशासकट जुळली. मग सगळी वर्षं चालवली. ३१ पैकी २८ जुळली.

उरलेल्या तिन्हींपैकी दोन ठिकाणी आमच्या टायपिंगच्या चुका. तिसऱ्या वर्षी काकांची हाताची बेरीज आश्लेषेत १० ने चुकलेली, हातचा एक राहिलेला. त्यांनी चष्मा लावून दोनदा मोजलं, मग वहीत लाल पेनाने दुरुस्त करून खाली आजची तारीख घातली.

खर्च एकूण: प्रिंटरची शाई आणि कागद सोडून रस-आमलेटच. वेळ: मी मांडून ठेवलेला ३४ तास. बॅच फाइल रोज ९ ला चालते. वीज नसली तर काका आकडा कागदावर पेनाने लिहून पाठवतात, भाऊ तो तसाच लावतो.